जन्मापासून एचआयव्हीसह जगणारे तरुण : रुग्णालयातील देखभाल आणि तिचे हस्तांतरण

प्रस्तावना

व्हाइटफील्डमधल्या एखाद्या पीजीची खोली डोळ्यांसमोर आणा. लातूर, सोलापूर, बेळगाव अशा ठिकाणांहून इंटर्नशिपसाठी किंवा पहिल्या नोकरीसाठी आलेली तीन मुले तिथे राहतात. त्यांपैकी एक जण रोज रात्री ठरलेल्या वेळी एक गोळी घेतो. बाटलीवरचे लेबल त्याने काढून टाकले आहे. कोणी विचारलेच तर 'व्हिटॅमिनची गोळी' असे उत्तर ठरलेले आहे. दर काही महिन्यांनी तो एक दिवस रजा घेतो, त्याचे कारण मात्र दर वेळी वेगळे असते.

ती गोळी कशाची असू शकते, ती इतक्या काटेकोरपणे का घ्यावी लागते आणि त्या रजेच्या दिवशी रुग्णालयात काय होते, हे या टिपणात पाहू.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, डॉक्टर नाही. त्यामुळे हे टिपण वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. ते लिहावेसे वाटण्याचे कारण माझ्या हातून झालेली एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने हजेरीच्या सवलतीसाठी माझ्या टेबलावर रुग्णालयाचा कागद ठेवला. विभागाचे नाव दिसू नये अशी त्याची घडी घातलेली होती. दोन मुले शेजारी उभी असताना मी सहज विचारले, "काय झालंय तुला?" तो म्हणाला, "ताप होता, सर." कागद उचलून तो निघून गेला आणि सवलत त्याने पुन्हा मागितली नाही. त्याला नेमके काय होते ते मला आजही माहीत नाही, आणि ते माहीत असण्याची गरजही नव्हती. हजेरीचा प्रश्न तो प्रश्न न विचारताही सुटला असता.

या टिपणातून काय समजेल?

- जन्मापासून एचआयव्ही असलेली आजची तरुण पिढी कोणत्या काळात वाढली
- एकाच वेळी तीन औषधे का लागतात आणि गोळी चुकली की शरीरात काय घडते
- बालपणापासून प्रौढपणापर्यंत रुग्णालयातील देखभाल कशी बदलते
- देखभाल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना धोका का वाढतो आणि तो कसा टाळता येतो

१. ही पिढी कोणती?

आईला एचआयव्ही असेल तर तो बाळाला गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून होऊ शकतो. 'जन्मापासून एचआयव्ही' म्हणताना हे तिन्ही मार्ग धरले जातात. काहीच उपाय केला नाही तर हे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. आईला वेळेवर औषधे मिळाली आणि बाळालाही प्रतिबंधक औषध दिले तर ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. म्हणजे एचआयव्ही असलेल्या आईचे प्रत्येक मूल बाधित नसते. हे वाक्य पाठ करून ठेवा, कारण याबाबतचे गैरसमज शिकलेल्या माणसांतही सापडतात.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन झाली. सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी, म्हणजे विषाणूरोधक औषधोपचार, १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला. मुलांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम ३० नोव्हेंबर २००६ रोजी आला. सर्व बाधित गरोदर स्त्रियांना आयुष्यभराची एआरटी देण्याचे धोरण २०१४ पासून अमलात आले. सीडी४ पेशींची संख्या कितीही असली तरी निदान होताच औषध सुरू करायचे, हे धोरण २०१७ चे आहे.

आता साधा हिशेब करा. २००० साली जन्मलेले मूल मोफत औषधे आली तेव्हा ४ वर्षांचे होते, आणि मुलांसाठीचा कार्यक्रम आला तेव्हा ६ वर्षांचे. उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी जवळपास निम्मी दुसऱ्या वाढदिवसाच्या आत दगावतात. म्हणजे त्या वर्षी जन्मलेले आणि आज आपल्यात असलेले तरुण आधी औषधाविना तगले आणि मग औषधांवर वाढले. त्यांतल्या अनेकांनी आई किंवा वडील, कधी दोघेही गमावले. काही आजीआजोबांकडे किंवा मामाकडे वाढले, तर काही संस्थांमध्ये. महाराष्ट्रात विजयाताई लवाटे यांनी पुण्याजवळ सुरू केलेली 'मानव्य', मंगलाताई शहा यांची पंढरपूरची 'पालवी', रवी बापटले यांचे लातूर जिल्ह्यातील हासेगावचे 'सेवालय' आणि दत्ता व संध्या बारगजे यांचे बीडजवळचे 'इन्फंट इंडिया' ही त्यांतली ठळक नावे. बेंगळुरूत व्हाइटफील्डच्या दक्षिणेला कार्मेलाराम इथे 'स्नेहदान' ही संस्था याच क्षेत्रात काम करते.

या संस्था सुरू झाल्या तेव्हा मुले जगतील का, हा प्रश्न होता. आज ती मुले नोकरी, लग्न आणि घरभाडे यांचे प्रश्न घेऊन उभी आहेत. रुग्णालयातील देखभालीलाही त्यांच्याबरोबर वाढावे लागते.

२. तीन औषधे एकाच वेळी का?

एचआयव्ही आपल्या आरएनएची प्रत डीएनएमध्ये काढतो आणि ती सीडी४ नावाच्या रोगप्रतिकारक पेशीच्या गुणसूत्रांत घुसवतो. प्रत काढणारे त्याचे विकर फार चुका करते. ढोबळमानाने ३०,००० अक्षरांमागे एक चूक. विषाणूची संपूर्ण संहिता सुमारे ९,७०० अक्षरांची आहे. म्हणजे साधारण दर तीन प्रतींमागे एका प्रतीत कुठेतरी बदल होतो.

उपचार नसलेल्या शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात, असा अंदाज १९९६ च्या सुमारास गणिती प्रारूपांनी मांडला. हे आकडे घेऊन एक ढोबळ गणित करू. प्रत्येक औषधाला चुकवण्यासाठी विषाणूला एक ठरावीक बदल पुरतो, असे समजा.

- एक औषध : १ हजार कोटी ÷ ३०,००० = रोज सुमारे ३ लाख ३३ हजार प्रतिरोधी विषाणू
- दोन औषधे : १ हजार कोटी ÷ ९० कोटी = रोज सुमारे ११
- तीन औषधे : १ हजार कोटी ÷ २७ लाख कोटी = सुमारे २,७०० दिवसांतून एक

प्रत्यक्ष शरीर इतके सरळ नसते. काही औषधांना चुकवायला एकापेक्षा अधिक बदल लागतात. पण मुद्दा स्पष्ट होतो. एक औषध पहिल्याच दिवशी हरू शकते. तीन औषधे एकत्र असली की विषाणूची वाढच जवळपास थांबते, आणि वाढ थांबली की चुका करण्याची संधीही जाते. अभियांत्रिकीत आपण महत्त्वाच्या यंत्रणेला एकाऐवजी तीन स्वतंत्र आधार देतो, त्यातले तत्त्व हेच आहे. अट एकच : तिन्ही आधार एकाच वेळी उभे असले पाहिजेत.

३. गोळी चुकली की काय होते?

रक्तातील किंवा पेशीतील औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ म्हणजे त्याचा अर्धायुकाल. शेवटच्या गोळीनंतर किती औषध उरले, हे या सूत्राने काढता येते :

उरलेला भाग = १/२ चा 'न' वा घात; इथे न = उलटलेले तास ÷ अर्धायुकाल

या पिढीतल्या अनेक मुलांनी झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन हे त्रिकूट वर्षानुवर्षे घेतले. त्यांचे अर्धायुकाल ढोबळमानाने अनुक्रमे ७, १६ आणि ३० तास धरू (पहिल्या दोघांचे पेशीतील सक्रिय रूपाचे, तिसऱ्याचे रक्तातले).

| शेवटच्या गोळीनंतर | झिडोव्हुडिन | लॅमिव्हुडिन | नेव्हिरॅपिन |
|---|---|---|---|
| २४ तास | ९ टक्के | ३५ टक्के | ५७ टक्के |
| ४८ तास | १ टक्का | १३ टक्के | ३३ टक्के |
| ७२ तास | जवळपास शून्य | ४ टक्के | १९ टक्के |

तिसऱ्या दिवशीची ओळ पाहा. दोन आधार निघून गेले आहेत आणि नेव्हिरॅपिन एकटे उरले आहे. मागच्या गणितातली 'एक औषध' ही स्थिती नेमकी हीच. त्यातच नेव्हिरॅपिनला निकामी करायला विषाणूला एकच बदल पुरतो. म्हणून अधूनमधून तीनचार दिवस औषध सोडणे घातक असते. त्यातून प्रतिरोधी विषाणू निवडला जातो आणि नंतर नियमित गोळी घेतली तरी ती पूर्वीइतके काम करत नाही.

आज भारतात प्रौढांसाठी आणि पुरेसे वजन असलेल्या किशोरांसाठी टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत मिळतात. रुग्णालयात तिला 'टीएलडी' म्हणतात. २०२० पासून ती पहिल्या पसंतीचा उपचार आहे. डोल्युटेग्राव्हिरला चुकवणे विषाणूला बरेच अवघड जाते. म्हणून ही गोळी जुन्या त्रिकुटापेक्षा अधिक क्षमाशील आहे. पण क्षमाशील म्हणजे ऐच्छिक नव्हे.

औषधपालन ९५ टक्क्यांहून अधिक असावे, असे समुपदेशक सांगतात. ३० गोळ्यांच्या ९५ टक्के म्हणजे २८.५. म्हणजे महिन्याला फार तर एक चूक. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. काय करायचे ते केंद्रावर विचारून ठेवावे.

४. बालपणातील देखभाल

बाळ ६ आठवड्यांचे झाले की टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन विशेष कागदावर वाळवतात आणि त्यात विषाणूचा अंश शोधतात. नेहमीची प्रतिपिंड चाचणी या वयात उपयोगाची नाही, कारण आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात असतातच. ती साधारण १८ महिन्यांपर्यंत टिकू शकतात, म्हणून अंतिम खात्री त्या वयाला होते. निदान होताच औषध सुरू करण्याचे महत्त्व दक्षिण आफ्रिकेतील 'चेर' या चाचणीने २००८ मध्ये दाखवले. वाट पाहण्याऐवजी लगेच औषध दिलेल्या बाळांमध्ये मृत्यूचे प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी झाले.

मुलांचा डोस वजनावर ठरतो. त्यामुळे प्रत्येक भेटीत वजन आणि उंची मोजली जाते आणि मूल वाढले की गोळ्याही बदलतात. सुरुवातीच्या काळातील लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिरचे द्रव औषध अतिशय कडू, त्यात सुमारे ४२ टक्के अल्कोहोल, आणि ते थंड ठेवायचे. ज्या घरात फ्रीज नाही तिथल्या आजीने ते कसे सांभाळले असेल, याचा विचार करा. आता लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणारी डोल्युटेग्राव्हिरची गोळी उपलब्ध आहे.

या काळातील देखभालीचे वैशिष्ट्य असे की सगळे काही मोठ्यांच्या हाती असते. तारीख आजी लक्षात ठेवते, गोळी मामी देते, डॉक्टरांच्या प्रश्नांना वडील उत्तरे देतात. मूल फक्त सोबत असते.

५. मुलाला कधी सांगायचे?

"मी ही गोळी का घेतो?" हा प्रश्न सहासात वर्षांचे मूल विचारतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शनानुसार ६ ते १२ या वयात मुलाला त्याची स्थिती टप्प्याटप्प्याने सांगावी. आधी "तुझ्या शरीरात शिपाई आहेत आणि गोळी त्यांना बळ देते" इतकेच. पुढे विषाणूचे अस्तित्व, आणि समज आली की त्याचे नाव.

पालक टाळतात त्यालाही कारण असते. मूल शाळेत बोलून बसेल ही भीती असते, आणि "मग तुला कुठून झाला?" या पुढच्या प्रश्नाची त्याहून मोठी. पण टाळण्याची किंमत नंतर मोजावी लागते. पंधरासोळाव्या वर्षी बाटलीवरचे नाव मोबाइलवर शोधून ज्याला हे समजते, त्याचा घरच्यांवरचा विश्वास उडतो आणि गोळीवरचाही. म्हणून चांगल्या केंद्रांत समुपदेशक आधी पालकांशी, मग मुलाशी आणि शेवटी दोघांशी एकत्र बोलतात.

६. हस्तांतरण : सर्वांत नाजूक टप्पा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. २००५ ते २०१२ या काळात एड्समुळे होणारे एकूण मृत्यू जगभरात सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याच काळात किशोरवयीनांमधले मृत्यू मात्र सुमारे ५० टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये मांडले. औषधे तीच होती. किशोरांना वेळेवर चाचणी, समुपदेशन आणि त्यांच्या वयाला साजेशी सेवा मिळत नव्हती.

हस्तांतरण तीन पातळ्यांवर होते.

(अ) घरच्यांच्या हातातून स्वतःच्या हातात : आजी थकते किंवा जाते, मूल वसतिगृहात जाते. आजवर कोणीतरी आठवण करून देत होते, आता ते काम स्वतःचे असते. याच वयात "मला काही झालेलं नाही, मग गोळी कशाला?" हा प्रश्न येतो. प्रश्न प्रामाणिक आहे. गोळी चुकवल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. परिणाम महिन्यांनी दिसतो. ज्या प्रणालीत कारण आणि परिणाम यांत मोठा कालविलंब असतो, ती हाताळणे माणसाला अवघड जाते, हे नियंत्रण प्रणाली शिकलेल्यांना वेगळे सांगायला नको.

(आ) बालरोग विभागातून प्रौढांच्या विभागात : मुंबईचे सायन रुग्णालय आणि बेंगळुरूची इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था ही मुलांच्या एचआयव्ही उपचारांची नॅकोची विशेष केंद्रे आहेत. बालरुग्णालयाला वयाची मर्यादा असते, म्हणून एक दिवस तिथला निरोप घ्यावा लागतो. अनेक जिल्हा रुग्णालयांत मुले आणि मोठी माणसे एकाच एआरटी केंद्रात येतात. तिथे इमारत बदलत नाही, पण वागणूक बदलते. काल ज्याला सिस्टर नावाने हाक मारून जवळ घेत होत्या, तो आज टोकन घेऊन रांगेतला एक प्रौढ असतो. वर त्याच्याबद्दल शंकाही घेतल्या जातात. जन्मापासूनचा संसर्ग असूनही "हा कसा लागला?" हे त्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

(इ) एका गावातून दुसऱ्या गावात : याचा विचार पुढच्या भागात करू.

चांगले हस्तांतरण एका दिवसात होत नाही. ते बाराव्या-तेराव्या वर्षापासून हळूहळू सुरू व्हावे आणि साधारण असे असावे :

- प्रथम मूल स्वतः औषधांची नावे आणि वेळ सांगू लागते.
- मग भेटीतील काही मिनिटे ते डॉक्टरांशी एकटे बोलते, पालक बाहेर थांबतात.
- पुढे आपला शेवटचा व्हायरल लोड किती होता आणि त्याचा अर्थ काय, हे त्याला माहीत असते.
- निरोपाआधी नव्या विभागातील डॉक्टर किंवा समुपदेशकाशी एकदा ओळख होते.
- संपूर्ण इतिहासाचा सारांश सोबत जातो : कोणती औषधे घेतली, कोणती का बदलली, कोणाची ॲलर्जी आली, क्षयरोग झाला होता का.
- नव्या ठिकाणी पहिली भेट झाली की नाही, याची जुने केंद्र चौकशी करते.

यातला पाचवा मुद्दा या पिढीसाठी फार महत्त्वाचा आहे. ज्याने वीस वर्षांत चार वेगवेगळी औषधयोजना घेतल्या, त्याच्या शरीरात जुन्या प्रतिरोधाच्या खुणा असू शकतात. तो इतिहास हरवला तर पुढचे औषध अंधारात निवडावे लागते.

७. लातूरहून व्हाइटफील्डला : देखभाल सोबत कशी न्यावी?

नोकरी लागली आणि गाव सोडायचे ठरले की पहिले काम म्हणजे आपल्या एआरटी केंद्राला सांगणे. केंद्र बदली-पत्र देते. रुग्णाकडे उपचारांची वही असते, तिला बहुतेक ठिकाणी 'ग्रीन बुक' म्हणतात. नॅकोची संगणकीय नोंद देशभर एकच असल्याने नवे केंद्र जुनी माहिती पाहू शकते. औषध दोन्ही राज्यांत मोफत आहे आणि उपचारपद्धतीही एकच आहे. जवळचे केंद्र कोणते, हे १०९७ या नॅकोच्या निःशुल्क दूरध्वनी सेवेवर विचारता येते.

अडचण येते ती न सांगता निघाल्यावर. "आधी नोकरीत रुळतो, मग बघू" असे म्हणत मुलगा तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन येतो. तिसऱ्या महिन्यात गावी जायला रजा मिळत नाही, इथले केंद्र माहीत नसते, आणि भाग ३ मधला तक्ता प्रत्यक्षात येतो.

शहरातील जुने आणि मोठे एआरटी केंद्र शिवाजीनगरजवळच्या बोअरिंग अँड लेडी कर्झन रुग्णालयात आहे. व्हाइटफील्ड मेट्रो मार्च २०२३ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जांभळी मार्गिका सलग झाली. त्यामुळे कडुगोडीहून एम. जी. रोडपर्यंत थेट जाता येते आणि तिथून रिक्षाने रुग्णालय गाठता येते. तरी जाणे, रांग, तपासणी आणि परत येणे यात अर्धा दिवस जातोच. म्हणून प्रकृती स्थिर असलेल्यांना एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या मिळण्याची सोय नोकरदार तरुणांसाठी फार मोलाची आहे. वर्षाच्या बारा रजांऐवजी चार पुरतात, आणि सबबीही चारच लागतात.

रात्रपाळीचा प्रश्नही इथे येतो. गोळी २४ तासांनी घ्यायची आहे. ती रात्रीच घ्यावी असे टीएलडीला बंधन नाही. जुन्या एफाव्हिरेन्झमुळे चक्कर आणि विचित्र स्वप्ने येत, म्हणून ती योजना झोपताना घेत. पाळी बदलणाऱ्याने दोन्ही पाळ्यांत जागा असेल अशी एक वेळ केंद्रात विचारून ठरवावी. आम्लपित्ताची, कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी डोल्युटेग्राव्हिरच्या शोषणात अडथळा आणते. साधा नियम असा : टीएलडी त्या गोळीच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी.

८. केंद्रातील एका भेटीत काय होते?

वजन, मग क्षयरोगाचे चार प्रश्न : खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम. एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्ये क्षयरोग हे आजारपणाचे आणि मृत्यूचे मोठे कारण आहे, म्हणून हे प्रश्न प्रत्येक भेटीत विचारले जातात. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन सुरू झाले तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा घ्यावे लागते. म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधे ठाऊक हवीत.

टेनोफोव्हिरमुळे मूत्रपिंडावर परिणाम होतो का, हे क्रिएटिनिनवरून पाहतात. झिडोव्हुडिन घेणाऱ्यांचे हिमोग्लोबिन तपासतात. व्हायरल लोड चाचणी उपचार सुरू केल्यावर ६ आणि १२ महिन्यांनी आणि पुढे सर्व ठीक असल्यास वर्षातून एकदा होते. एका मिलिलिटरमध्ये १,००० किंवा अधिक प्रती आढळल्या तर आधी औषधपालनाबद्दल सखोल बोलणे होते आणि काही काळाने चाचणी पुन्हा करतात. तरीही आकडा वर राहिला तरच औषध बदलण्याचा विचार होतो. आकडा वाढला म्हणून रागावणाऱ्या केंद्रात तरुण खरे सांगत नाही. "गेल्या आठवड्यात किती गोळ्या चुकल्या?" असे विचारणारा समुपदेशक "गोळ्या नीट घेतोस ना?" असे विचारणाऱ्यापेक्षा अधिक खरी माहिती मिळवतो.

तरुणांच्या भेटीत आणखी एक विषय हवा, तो म्हणजे प्रेम आणि लग्न. नियमित औषधाने व्हायरल लोड २०० प्रतींच्या खाली टिकून असेल तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. आईवर उपचार चालू असतील तर बाळ बाधित होण्याची शक्यता फार कमी होते. जन्मापासून एचआयव्ही असलेल्या मुलीला निरोगी बाळ होऊ शकते, हे तिला कोणीतरी तोंडाने सांगायला हवे. अनेक मुलींनी हे केवळ न विचारल्यामुळे ऐकलेले नसते.

आणि मन. लहानपणी घरातले मृत्यू, लपवाछपवी, कधी शाळेतून काढले जाणे यांचे ओझे रक्ताच्या चाचणीत दिसत नाही. झोप कशी आहे, कोणाशी मोकळे बोलता येते का, हे विचारणे देखभालीचाच भाग आहे.

९. कायदा, महाविद्यालय आणि कंपनी

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका कामगाराचे प्रकरण आले. तो काम करण्यास सक्षम होता, पण एचआयव्ही आढळल्यामुळे एका सार्वजनिक उपक्रमाने त्याला काम नाकारले. न्यायालयाने ते बेकायदा ठरवले आणि त्याची ओळखही गुप्त ठेवली. म्हणून तो निकाल 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' या नावाने ओळखला जातो.

त्यानंतर वीस वर्षांनी एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, २०१७ आला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या आपल्या कामाच्या तरतुदी अशा :

- शिक्षण, नोकरी, उपचार किंवा भाड्याचे घर देताना भेदभाव करता येत नाही.
- नोकरी, प्रवेश किंवा उपचार यांसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही.
- एखाद्याची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. कायद्यात दिलेले अपवाद मोजके आहेत.
- १०० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी असावा लागतो.

कायदा असा आहे, पण व्यवहारातला घोळ लहान गोष्टींत असतो. आपण "वैद्यकीय प्रमाणपत्र आणा" म्हणतो, आणि त्या कागदाच्या शिक्क्यावरच विभागाचे नाव असते. म्हणजे रजा मागायची तर गुपित द्यायचे. उपाय अवघड नाही. 'रुग्णालयात उपस्थित होता' एवढाच मजकूर आणि रुग्णालयाचे नाव पुरेसे मानावे. कारण विचारू नये. वसतिगृहाच्या झडतीत औषधांच्या बाटल्या उघडू नयेत. आमच्या विभागात मी आता एवढेच करतो : कागद पाहतो, तारीख लिहून घेतो, कागद परत देतो.

१०. सारांश

- बाधित आईचे प्रत्येक मूल बाधित नसते, आणि वेळेवर उपचार मिळालेले बाधित मूल मोठे होते, शिकते, कमावते.
- तीन औषधांची ताकद ती सतत आणि एकत्र असण्यात आहे.
- औषध उपलब्ध असूनही किशोरवयात धोका वाढतो, कारण त्या वयात देखभाल एका हातातून दुसऱ्या हातात जाते.
- हस्तांतरण बारातेराव्या वर्षी सुरू करावे. उपचारांचा इतिहास सोबत जावा आणि पहिली भेट झाल्याची खात्री करावी.
- या साखळीत शिक्षक, खोलीतला सोबती आणि वरिष्ठ यांचेही काम आहे. ते बहुतेक वेळा प्रश्न न विचारण्याचे असते.

स्वाध्याय

१. डोल्युटेग्राव्हिरचा अर्धायुकाल १४ तास धरून २४, ४८ आणि ७२ तासांनी किती टक्के औषध उरेल ते काढा. (उत्तर : सुमारे ३०, ९ आणि ३ टक्के.)

२. एका तरुणाला ९० गोळ्या मिळाल्या. ९० दिवसांनी त्याच्याकडे ७ उरल्या. त्याचे औषधपालन किती टक्के? ते पुरेसे आहे का? (उत्तर : सुमारे ९२ टक्के, नाही.)

३. तुमच्या महाविद्यालयाचा किंवा कंपनीचा आजारपणाच्या रजेचा नियम वाचा. त्यातील कोणत्या शब्दामुळे एखाद्याला आपली स्थिती उघड करावी लागू शकते? तो नियम पुन्हा लिहा.

४. तुमच्या खोलीतला सोबती रोज एक गोळी घेतो आणि ती कशाची हे सांगत नाही. सहलीच्या दिवशी तो बाटली खोलीवरच विसरला आहे, हे तुमच्या लक्षात आले. इतरांसमोर त्याला अवघड वाटणार नाही अशा रीतीने तुम्ही काय कराल, ते चार ओळींत लिहा.